ओढणार कशानं?

मार्च संपत आला होता. भगूरला मामांकडे गेलो होतो आणि सकाळच्या चहाबरोबर पेपरातली बातमी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होतो. मोठ्यानं म्हणजे खरंच मोठ्यानं. मामांचा उजवा कान जवळपास गेलेला आहे आणि डाव्यानं अर्धंमुर्धं ऐकू येतं. संरक्षण मंत्रालयानं ३०७ एटॅग्स तोफांचा, म्हणजे ट्रकनं ओढून न्यायच्या नव्या देशी तोफांचा, करार केला होता. पुण्यात पाषाणच्या एआरडीईमध्ये, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्र-संशोधन संस्थेत आखलेली तोफ, भारत फोर्ज आणि टाटा मिळून बनवणार, ट्रकसकट सगळा व्यवहार ६,९०० कोटींच्या घरातला. उभी उमेद तोफखान्यात घालवलेल्या माणसाचा चेहरा हे ऐकून फुलेल असं मला वाटलं होतं. म्हणून मी आवाज चढवून म्हटलं, "मामा, पल्ला अठ्ठेचाळीस किलोमीटर!" त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी कपाखाली सरकवली आणि विचारलं, "वजन किती?" अठरा टनांच्या आसपास, मी सांगितलं. "मग ओढणार कशानं?" तेही बातमीत होतं. तोफा ओढायला सहाही चाकांना जोर असलेले ३२७ ट्रक याच करारात होते. मामांनी मान हलवली. थोडा वेळ अंगणातल्या जास्वंदीकडे बघत बसले. मग म्हणाले, "आणि ट्रक सुटल्यावर? शेवटची शंभर पावलं?"

मला उत्तर आलं नाही.

मामी आतून पोहे घेऊन आल्या आणि विषय बदलला. पण परत येताना देवळाली कॅम्पच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या जुन्या झाडांच्या सावलीतून गाडी चालवताना तो प्रश्न माझ्या मागं लागला तो लागलाच. मी अंबडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी बघतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि बोअर गेज असतो. मला आकडे आवडतात. ४८ हा आकडा मी किती जणांना सांगितला होता! मामांच्या अंगणातून निघालेला गोळा इगतपुरी ओलांडून, घाट उतरून थेट कसाऱ्यापाशी जाऊन पडेल, असा हिशेबही मी नकाशावर करून ठेवला होता. आणि ज्यानं असे गोळे खरोखर सोडले होते, तो माणूस विचारत होता ती अंगणातली शंभर पावलं.

भगूर माझं आजोळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं राहायला गेलं की पहिल्या दिवशी हमखास दचकायला व्हायचं. दुपारची वेळ, सगळे जेवून पडलेले, आणि डोंगराकडून धप्प असा आवाज यायचा. फटाक्याच्या आवाजाला धार असते, याला ती नसे. कुणी तरी जमिनीखालून जड उशी आपटावी तसा तो यायचा. कानाच्या आधी पोटाला कळायचा. मांडणीवरच्या पितळेच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या, खिडकीची सैल तावदानं थरथरायची, चुलीजवळच्या पातेल्यातल्या दुधावर गोल तरंग उठायचे. आजी डोळे न उघडता म्हणायची, "देवळालीवाले आहेत, झोप." १९४१ मध्ये काकूलहून (ते आता पाकिस्तानात आहे) स्कूल ऑफ आर्टिलरी, म्हणजे तोफखान्याची शाळा, इथं आली तेव्हापासून या गावांनी तो आवाज घरातल्या माणसासारखा सामावून घेतलाय. दोन-तीन दिवसांत आम्हीही दचकायचं विसरायचो. मग आवाज आला की नुसती बोटं मोडायची, एक, दोन, तीन, आणि पुढचा बार कधी येतोय याची वाट बघायची. तो गोळा कुठं पडत असेल, हा विचार लहानपणी एकदाही मनात आला नाही. आवाज आमचा होता. पडण्याची जागा डोंगरापलीकडं होती.

मामा भरती झाले १९८२ साली. सुरुवातीला रशियन १३० मिलिमीटरच्या तोफेवर, पुढं बोफोर्सवर. त्यांच्या तोंडी 'तोफ' हा शब्द कधीच नसतो, ते 'गन' म्हणतात, आणि गोळ्याला 'राउंड'. तोफखान्याला पलटणीसारखा झेंडा नसतो, गन हाच झेंडा, तिच्यासमोरच शपथ घ्यायची, दसऱ्याला तिलाच हार घालायचा, हे त्यांनीच मला सांगितलं. २८ सप्टेंबरला गनर्स डे असतो. १८२७ साली त्या दिवशी मुंबईच्या फौजेतली एक गोलंदाजांची तुकडी उभी राहिली, ती आजही पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी म्हणून ओळखली जाते. हे सांगताना मामांच्या आवाजात 'बॉम्बे' या शब्दावर अजून जोर असतो.

पण एक काळ असा होता की याच माणसाला सुट्टीवर आल्यावर चौकात जायला नको वाटायचं. मार्च १९८६ मध्ये स्वीडनशी ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला, आणि एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओनं लाच दिल्याची बातमी दिली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मला आठवतंय ते वेगळं. मी शाळेत होतो आणि आमच्या गल्लीत 'बोफोर्स' ही शिवी झाली होती. गोट्या खेळताना कुणी लबाडी केली की 'ए बोफोर्स!' मामा नुकतेच त्या गनचं प्रशिक्षण घेऊन आले होते. दाढी करायला गेले तर दुकानात बसलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, तुम्हाला किती मिळाले? त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवली, टॉवेल काढला आणि घरी आले. आजीनं पाणी तापवून दिलं, तेव्हा आरशासमोर उभं राहून उरलेली दाढी त्यांनी स्वतः केली. मी दारात उभा होतो. ते आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "गन चांगली आहे रे." बस, एवढंच. गनची बाजू घ्यायला त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं.

त्या बदनामीचा परिणाम नुसता गल्लीत राहिला नाही. तोफेबरोबर तिचे आराखडे, तंत्रज्ञानाची हजारो पानं आली होती, ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली. कुठल्या तरी सहीवर बालंट येईल या धास्तीनं तीन दशकं एकही नवी मोठी तोफ फौजेत आली नाही. मामा भरतीच्या वयाचे होते ते निवृत्त झाले, त्यांची मुलं नोकरीला लागली, तेव्हा कुठं त्याच जुन्या आराखड्यांवरून जबलपूरला 'धनुष' उभी राहिली आणि एप्रिल २०१९ मध्ये पहिल्या सहा तोफा फौजेला मिळाल्या. लाच घेणाऱ्यांचा मला राग आहेच, पण या तीस वर्षांच्या हातावर हात ठेवून बसण्याचाही तितकाच आहे. त्याची किंमत ज्यांनी मोजली ते कुठल्याही चौकशीत साक्षीला आले नाहीत.

आणि मग १९९९. तेच चौक, तीच माणसं, आणि 'बोफोर्स' म्हटलं की टाळ्या. द्रासच्या रस्त्यालगत, जिथं मिळेल त्या सपाट तुकड्यावर गन लावलेल्या होत्या, कारण त्या डोंगरात सपाट जागाच कमी. काही गन तर अशा पुढं नेल्या होत्या की समोरचं शिखर डोळ्यांनी दिसायचं आणि नळी सरळ त्याच्यावर रोखून मारा व्हायचा. त्या लढाईत तोफखान्यानं अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं सोडली. ४ जुलैला टायगर हिल परत मिळाली. द्रासजवळच्या पॉइंट ५१४० ला २०२२ मध्ये 'गन हिल' नाव दिलं, ती बातमीही मी मामांना अशीच मोठ्यानं वाचून दाखवली होती. तेव्हा मात्र त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतला आणि तो कोपरा फाडून पाकिटात ठेवला.

कारगिलबद्दल ते फार बोलत नाहीत. बोलतात ते तुकड्या-तुकड्यांत. हवा विरळ, त्यामुळं राउंड मैदानातल्यापेक्षा लांब जायचा, नेहमीचे तक्ते तिथं जसेच्या तसे चालायचे नाहीत. बोफोर्स १५ सेकंदांच्या आत तीन राउंड सोडायची, तेव्हा जमीन पायाखाली नसल्यासारखी वाटायची. दारूचा वास नाकात इतका बसला होता की भाताला, चहाला, पांघरुणाला, सगळ्याला तोच. राउंड ४३ किलोचा. क्रेन होती, पण क्रेनपर्यंत तो कुणी तरी आणायचाच. आपल्याकडच्या सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडाच हलका, पण गोणीला धरायला कोपरे असतात, हा गुळगुळीत आणि थंडीत बोटांना चिकटणारा. एकदा मी विचारलं, तुम्हाला शिखर पडलेलं दिसायचं का? म्हणाले, "आम्ही आकडे मारत होतो. कोन, चार्ज, फायर. काय झालं ते ओपीला, पुढं बसून निशाणा बघणाऱ्याला, दिसायचं. ओपी 'टार्गेट' म्हणाला की आम्ही समजायचं, लागलं." थोडं थांबून म्हणाले, "बरंच होतं ते."

हे 'बरंच होतं' मी पुष्कळ दिवस घोळवत राहिलो.

एटॅग्सबद्दल मी वाचायला लागलो तो माझ्या धंद्याच्या कुतूहलानं. १५५ मिलिमीटर म्हणजे नळीचा आतला व्यास, साधारण वीतभराला कमी. '५२ कॅलिबर' म्हणजे त्या व्यासाच्या ५२ पट लांबी, म्हणजे आठ मीटरच्या वर. बोफोर्सची ३९ पट होती, जेमतेम सहा मीटर. नळी लांब असली की जळत्या दारूचा वायू गोळ्याला जास्त वेळ ढकलत राहतो. त्यात एटॅग्सची दारू जळण्याची खोली २५ लिटरची ठेवली, जगात या वर्गात रूढ आहे २३. वरकरणी दोन लिटरचाच फरक, दुधाच्या चार पिशव्यांएवढा. पण तो पोलादात बसवायचा म्हणजे दाब वाढला, दाब वाढला म्हणजे भिंत जाड, भिंत जाड म्हणजे वजन. मामांच्या 'वजन किती?' मध्ये हे सगळं होतं. प्रत्येक वाढीव किलोमीटर कुणाच्या तरी खांद्यावर किंवा चाकावर येतो.

मी रोज दोनशे मिलिमीटर लांबीचं बोअर तपासतो आणि तेवढ्यात सुद्धा टूल किंचित भरकटतं. आठ मीटर पोलाद आरपार सरळ कोरायचं, आतून वळणदार चऱ्या काढायच्या, हे काय काम असेल याची मला थोडी कल्पना आहे, आणि ज्यांना ते जमलं त्यांच्यापुढं मी मनापासून मान झुकवतो. आधुनिक तोफेच्या नळीवर आणखी एक संस्कार करतात, ऑटोफ्रेटाज. नळी आतून मुद्दाम इतक्या दाबानं फुगवतात की आतला थर कायमचा ताणला जातो आणि दाब काढल्यावर बाहेरचा थर त्याला आवळून धरतो. पुढं गोळा सुटताना येणारा ताण आधी ही आवळ सोडवण्यात खर्च होतो. पोलादाला आधीच एकदा त्रास देऊन ठेवायचा, म्हणजे पुढचा त्रास सोसतं. गोळ्याच्या कमरेला तांब्याची एक पट्टी असते. ती मऊ असते म्हणूनच चऱ्यांत रुतते आणि गोळ्याला गिरकी देते. एवढ्या पोलादात काम करतं ते ते इंचभर मऊ तांबं. आणि गोळ्याच्या बुडाला एक सावकाश जळणारा मसाला असतो. वेगात जाणाऱ्या गोळ्यामागं पोकळी होते, ती त्याला मागं खेचते, म्हणून त्या पोकळीत धूर भरत जायचा. असला गोळा घेऊन २०१७ मध्ये पोखरणला या तोफेनं ४८ किलोमीटरचा पल्ला गाठला. मिनिटाहून जास्त वेळ तो हवेत असतो, प्रवासी विमानांच्याही वर जातो. त्या अंतराला वरच्या थरांतला वारा, दारूचं तापमान, इतकंच काय पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेही हिशेबात धरावं लागतं.

२०१३ मध्ये काम सुरू झालं आणि करार व्हायला २०२५ उजाडलं. मधल्या काळात वाळवंट झालं, सिक्कीमची थंडी झाली, आणि २०२० मध्ये पोखरणलाच चाचणीत नळी फुटून चार जण जखमी झाले. त्या दिवशी पाषाणच्या त्या इमारतीत किती जण जेवले नसतील असं मला वाटतं. माझ्या हातून पास झालेला एक साधा शाफ्ट एकदा गिऱ्हाइकाकडे तुटला होता, कुणाला काही झालं नव्हतं, तरी मला आठवडाभर झोप नव्हती. इथं तर माणसं होती. तरी त्यांनी परत मोजलं, परत ओतलं, परत उडवलं. १५ ऑगस्ट २०२२ ला लाल किल्ल्यावर सलामीत पहिल्यांदा या देशी तोफेचा आवाज झाला, तेव्हा मी टीव्हीसमोर उभा होतो आणि माझे डोळे भरून आले होते.

पण डोळे भरून येणं आणि मन भरून येणं यांत फरक आहे, तो २०२५ मध्ये कळला. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, कामगार गेले. गोळा शत्रूपर्यंत पोहोचायच्या कितीतरी आधी तो आपल्याच घरांतून फिरून जातो. आणि मे महिन्यात पूंछ. सीमेपलीकडून आलेल्या गोळ्यांनी साधी माणसं मेली, पोरं मेली. फोटोत एका घराची भिंत होती, आतल्या फळीवर डबे ओळीनं तसेच उभे. मांडणीच ती. आमच्या आजोळच्या मांडणीवर वाट्या नुसत्या किणकिणायच्या. देवळालीचा आवाज ऐकत वाढलेल्या मला, आवाजाचं दुसरं टोक त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तोफ हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. समोरच्याकडे आहे तोवर आपल्याकडे तिच्याहून चांगली हवी. तरी आता ४८ म्हणताना माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

युक्रेनमधल्या बातम्या वाचताना मामांचा प्रश्न पुन्हा वर आला. तिथं ओढून न्यायच्या तोफांना ड्रोन शोधून काढतात. गोळा सुटला की दोन-चार मिनिटांत ती जागा सोडावी लागते, नाही तर उत्तर तिथंच येतं. ज्या स्वीडननं आपल्याला बोफोर्स दिली, त्यांनी पुढची तोफ ट्रकच्याच पाठीवर बसवली. एटॅग्सला स्वतःचं इंजिन आहे, थोडं अंतर ती आपली आपण जाते. बोफोर्सलाही होतं. मग मामा शंभर पावलांचं का विचारत होते?

नवरात्रात परत भगूरला गेलो, खंडेनवमीला. मामांकडे पंचवीस पाउंडी तोफेच्या गोळ्याचं एक पितळी टरफल आहे, जुन्या बाजारातून कधी तरी घेतलेलं. वर्षभर त्यात छत्र्या असतात. खंडेनवमीला छत्र्या निघतात, मामा ओट्यावर बसतात आणि चिंचेच्या कोळानं ते घासतात. बुडावरची अक्षरं, काठावरचा पोचा, सगळं अंगठ्यानं. हिरवट काळं पाणी ओघळतं आणि खालून पिवळं उजळत येतं. मग त्यात झेंडूची फुलं, शेजारी कोयता, विळी, माझा मायक्रोमीटरही त्यांनी आणायला लावला होता. हळदकुंकू वाहून झालं, तेव्हा मी त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन विचारलं, "मामा, शेवटची शंभर पावलं म्हणजे काय? इंजिन असतं की गनला."

त्यांनी हात पुसले. "असतं की. एका रात्री बंद पडलं," म्हणाले. द्रासला, जागा बदलायचा हुकूम आला होता, कारण त्यांच्या जागेवर गोळे यायला लागले होते. अंधार, दिवा लावायचा नाही. थंडीनं म्हणा, आणखी कशानं म्हणा, इंजिन धरेना. ट्रक वळवायला जागा नाही. बारा टनांची गन आणि शेजारच्या डिटॅचमेंटची, म्हणजे शेजारच्या गनवरची, धरून पंधराएक माणसं. दोर लावले, चाकांमागं दगड ठेवणारा एक वेगळा. ढकलायचं, चाक वीतभर पुढं गेलं की त्यानं दगड सरकवायचा. "किती वेळ लागला?" मी विचारलं. "ते नाही माहीत. दगडवाला पोरगा वीस-एकवीसचा होता. प्रत्येक वेळी 'हो गया' म्हणायचा. मला ऐकू येत नव्हतं तेव्हाही, त्याच्या तोंडाकडे बघून कळायचं." आणि पुढं ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

संध्याकाळी मामींनी धान्याची कोठी सरकवायला सांगितली. मागं ओल आली होती. पत्र्याची कोठी, गळ्यापर्यंत बाजरी. मी तिला पाठ लावली तर मामा म्हणाले, "पाठ नको, मोडशील. वाक. मांडीनं." ते स्वतः खाली बसले, गुडघा धरत धरत, आणि अडणीच्या लाकडाचा एक ठोकळा हातात घेऊन कोठीच्या बुडाशी टेकवला. मी ढकललं. कोठी वीतभर सरकली, फरशीवर करकरली. ठोकळा मागं सरकला. मामांनी माझ्याकडे न बघता उजवा हात वर केला.

मी थांबलो. हात खाली येईपर्यंत.